आवडी त्यांच्या, धास्ती आपली

मुलगी चित्रं छान काढते, मुलगा सुरेख गातो, हे चारचौघांत सांगताना आपला आवाज कसा वेगळाच लागतो, नाही? बक्षीस मिळालं की पेढे वाटतो. एलिमेंटरीला, इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड आली की मावशी-मामांना फोन जातात. मुलांच्या हातात कला असावी असं आपल्याला मनापासून वाटतं.

मग हीच मुलगी एक दिवस नखांना काळं नेलपॉलिश लावून, बाबांच्या मापाचा टी-शर्ट घालून कॉलेजला निघते. मुलगा केस वाढवतो, एका कानात बाळी घालतो, तासन्‌तास कुठली तरी कोरियन गाणी ऐकत बसतो. आपल्या पोटात गोळा येतो. हे काय नवीन? आणि हे कुणाचं बघून?

मला वाटतं, इथे आपली सगळ्यांचीच थोडी गल्लत होते. कला आवडीनिवडींपासून वेगळी काढता येते, असं आपण धरून चालतो. चित्र हॉलच्या भिंतीवर हवं, पण ते काढणारीचे कपडे शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत यायला नकोत. गाणं हवं, पण ऐकायचं ते आपल्या पसंतीचं. आता ज्याला काही घडवायचं आहे, त्याचा सगळा कच्चा माल त्याच्या आवडींतच तर असतो. तो काय घालतो, काय ऐकतो, कुठला सिनेमा पुन्हा पुन्हा लावतो, कुठल्या चित्रापाशी थबकतो, त्याचं शिकणं तिथे चाललेलं असतं. आपण क्लासची फी भले दुसरीकडे भरत असू.

आमच्याकडे सध्या हेच दिवस आहेत. लेक बारावीत आहे, डोळे जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे लागलेले. बोरिवलीचं वन बीएचके, त्यात आम्ही चौघं, सासूबाई धरून. एवढ्याशा घरात कुणाची आवड लपून राहत नाही. तिची गाणी आमच्या भाजीच्या फोडणीत मिसळतात, तिचे रंग बेसिनला लागतात. तेव्हा हे मी कुणी तज्ज्ञ म्हणून लिहीत नाही, तुमच्यासारखीच एक म्हणून लिहिते आहे.

आपल्याच उपनगरातली एक गोष्ट सांगते. अंधेरीच्या जे. बी. नगरमधला विवियन फर्नांडिस. आजीजवळ वाढलेला मुलगा. शाळेतल्या एका मित्राच्या अंगात त्याने एक टी-शर्ट पाहिला. फिफ्टी सेंट नावाच्या अमेरिकन रॅपरच्या ‘गेट रिच ऑर डाय ट्राइंग’ या २००३ च्या अल्बमचं चित्र त्यावर होतं. हा कोण, याची उत्सुकता लागली, मित्राकडून रॅपची एमपीथ्री सीडी मिळाली आणि तिथून सगळं सुरू झालं. हाच मुलगा पुढे ‘डिवाइन’ झाला. आधी इंग्रजीत रॅप करायचा, मग आपल्या गल्लीच्या हिंदीवर आला. २०१३ मध्ये ‘ये मेरा बॉम्बे’, २०१५ मध्ये कुर्ल्याच्या नेझीबरोबर ‘मेरे गली में’. या दोघांच्या आयुष्यावरून स्फुरलेला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये आला, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण मुलांना घेऊन तो बघायला गेले.

आता तो टी-शर्ट डोळ्यांसमोर आणा. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर उघड्या अंगाचा एक माणूस आहे आणि त्याच्यासमोर गोळीने तडकलेली काच. आपल्या मुलाने तो टी-शर्ट घरी आणला असता, तर आपण काय केलं असतं? पुढच्या धुण्यानंतर तो पुन्हा सापडला नसता, असं मला वाटतं. आणि आपला हेतू वाईट नसता हो. काळजीच असती ती.

प्रत्येक टी-शर्टातून कुणी डिवाइन निघतो, असं मी म्हणत नाही. मला त्या गोष्टीतला मधला काळ महत्त्वाचा वाटतो. टी-शर्टपासून स्वतःच्या गल्लीच्या बोलीपर्यंत यायला त्या मुलाला वर्षं लागली, आणि त्यातली सुरुवातीची वर्षं परक्या भाषेत, परक्या माणसांसारखं करून बघण्यात गेली.

आपली मुलं नेमकी या मधल्या टप्प्यावर असतात आणि आपण नेमकं तेव्हाच त्यांना म्हणतो, “हे तर कॉपी आहे. तुझं स्वतःचं काहीतरी काढ ना!” जपानी ॲनिमे बघणारी मुलं आठवा. चेहऱ्यापेक्षा डोळे मोठे, केस हवेत उडालेले, वहीच्या प्रत्येक पानावर तेच. आपल्याला वाटतं, कागद फुकट चालला. पण व्हॅन गॉगनेसुद्धा १८८७ मध्ये पॅरिसमध्ये बसून हिरोशिगे या जपानी चित्रकाराची चित्रं तैलरंगात उतरवून काढली होती. प्लमच्या झाडाचं एक, पावसातल्या पुलाचं एक. जपानी छापचित्रांचा त्याला आणि त्याच्या भावाला इतका नाद की शेकड्यांनी जमवली होती. त्या नादाने त्याच्या पुढच्या चित्रांतले रंग धीट झाले, रेषा मोकळ्या झाल्या. आपली मुलगी जपानी डोळे गिरवते आहे, तर गिरवू द्या. हात बसतोय तिचा. मूळ चित्रकाराचं नाव खाली लिहायची सवय तेवढी लावा.

विचारायचंच असेल तर मी एक प्रश्न सुचवेन. “हे काय आहे?” याच्याऐवजी “यातलं तुला काय आवडतं?” असं विचारून बघा. पहिल्यांदा उत्तर येतं, “काही नाही, असंच.” दुसऱ्यांदाही तेच. पण आपण खरंच ऐकायला बसलोय असं त्यांना कळलं की बोलायला लागतात. आमच्या लेकीने एकदा जेवताना समजावून सांगितलं की मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाच्या सिनेमात मधेच काही क्षण काहीच घडत नाही, माणसं नुसती बसलेली असतात, गाडी चाललेली असते, बाहेर पाणी असतं, आणि तिला तेच सगळ्यात जास्त आवडतं. ‘स्पिरिटेड अवे’मधला आगगाडीचा प्रवास त्यासाठी तिने आम्हाला लावून दाखवला. आम्ही तिच्या त्या सिनेमांना आतापर्यंत कार्टून म्हणत होतो. इतकं बारीक बघणारी मुलगी आपल्या ताटासमोर बसून वरण-भात कालवते आहे, हे एरवी कळलं नसतं.

घरी आल्याआल्या मात्र काही बोलू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते. चर्चगेटपासून उभ्याने आलेलो असतो, पर्समध्ये भाजी, डोक्यात ऑफिस, आणि दार उघडल्याबरोबर कानावर धडधड गाणं. तेव्हा तोंडातून जे निघतं ते गाण्याबद्दल नसतंच, ते आपल्या दुखऱ्या पायांबद्दल असतं. मुलांना ते कसं कळणार? त्यांना वाटतं, आईला माझं गाणं भिकार वाटतं. चहा होऊ द्या. मग “आवाज कमी कर, डोकं दुखतंय” एवढंच सांगितलं तरी पुरतं. त्यात गाण्याचा अपमान नसतो.

आणखी एक गोष्ट आपण सगळे करतो आणि ती मुलांना फार लागते. फॅमिली ग्रुप.

मुलीने वहीत काहीतरी काढलेलं असतं. अर्धवट, स्वतःसाठी. आपण कौतुकाने फोटो काढतो आणि टाकतो ग्रुपवर. दहा मिनिटांत नागपूरच्या काकांचा अंगठा, ठाण्याच्या आत्याची फुलं, कुणीतरी विचारतं, “हे नक्की काय आहे?”, कुणीतरी सुचवतं, “एखादं निसर्गचित्र काढ की बाळा.” आपल्याला वाटतं केवढं कौतुक झालं. तिकडे मुलगी वही कपाटात आत ढकलते. पुढची वही आपल्याला दिसतच नाही.

पाहुण्यांसमोर “गाऊन दाखव ना जरा” हेही त्यातलंच. मुलाला त्या वेळी गळ्यात काटा आल्यासारखं होत असतं. तो जे गाणं मनात घोळवतोय ते पाहुण्यांना झेपणारं नसतं, आणि पाहुण्यांना हवं ते गाणं त्याला दोन वर्षांपूर्वी आवडायचं. तो मान खाली घालून बसतो आणि आपण म्हणतो, “लाजतोय.” तो लाजत नसतो. आपल्या आवडीचा एक कोपरा तो जपत असतो, आणि आपण त्या कोपऱ्याचं दार पाहुण्यांसाठी उघडून दिलेलं असतं.

फोटो टाकण्याआधी विचारायचं. “नको” म्हणाली तर नाही टाकायचा, रुसायचंही नाही. एवढं साधं आहे, पण आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांतला ताण एवढ्यानेच उतरलेला मी पाहिला आहे.

याच्या उलट टोकही असतं. काही पालक मुलांशी मैत्री म्हणून त्यांच्या आवडीवर झडपच घालतात. मुलीला एखादा कोरियन बँड आवडतो म्हटल्यावर आई दुसऱ्या दिवशी सातही जणांची नावं पाठ करून येते. भाव चांगलाच असतो. पण मुलीला वाटतं, आता हेही माझं एकटीचं राहिलं नाही. आपल्याला नसेल आवडलं, तर नाही आवडलं म्हणावं. “मला हे गाणं नाही झेपत, पण ते दुसरं पुन्हा लाव” असं खरंखुरं मत मुलांना चालतं. खोटं “वा वा” त्यांना लगेच ओळखू येतं.

मध्यंतरी लेकीने मला एक गाणं ऐकवलं. ‘स्वदेशी’ नावाचा मुंबईतल्या रॅपर मुलांचा गट आहे, वेगवेगळ्या भाषांत गाणारा. त्यांनी २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, आरेतल्या आदिवासींच्या जमिनीबद्दल आणि जंगलाबद्दल. त्यात आरेच्या पाड्यावरचे प्रकाश भोईर स्वतः गायले आहेत. रॅपच्या मधे वारली सूर येतो. बोरिवली-गोरेगावात आयुष्य गेलं आमचं, आरेतून शेकडो वेळा गाडी गेली असेल, पण त्या पाड्यांचा आवाज मला माझ्या मुलीच्या हेडफोनमधून पहिल्यांदा ऐकू आला. त्यानंतर ती वारलीतल्या त्रिकोणी माणसांकडे वेगळ्याने बघायला लागली. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे कोण, हे तिने शोधून काढलं. शाळेत वारली बॉर्डर म्हणून वहीला काढायची ते वेगळं आणि हे वेगळं. गाण्यातून चित्राकडे अशी वाट जाते, आणि ती आपण आखून दिलेली नसते.

“एक काहीतरी धड कर.” हे वाक्य तर आपल्या सगळ्यांच्या घरांत रोज ऐकू येतं. आज गिटार, उद्या फोटो, परवा शिवणकाम. आपल्याला धास्ती वाटते की या पोराचं काहीच होणार नाही.

अशा वेळी मला आपल्या पार्ल्याच्या पु. लं.ची आठवण होते. लहानपण जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेत, मग विलेपार्ल्यात, शाळा पार्ले टिळक. आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’. त्यांनी गीतांजली मराठीत ‘अभंग गीतांजली’ म्हणून आणली होती. रवींद्रनाथ असे आजोळीच भेटलेले. इकडे पेटीचं वेड, तिकडे नाटकाचं, गाण्याच्या मैफली, सिनेमा. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या मुलाचं लक्ष एका जागी नाही. १९५३ मधला ‘गुळाचा गणपती’ हा सिनेमा आठवा. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका, सगळं त्यांचंच. ती सगळी वेडं तिथे एकत्र कामाला आली.

आणि पन्नाशीला आल्यावर हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला. ‘वंगचित्रे’ त्यातूनच झालं.

हे वाचताना मला नेहमी वाटतं, आपल्याला एखादी नवी गोष्ट शेवटची कधी आवडली होती? आपली गाणी कॉलेजच्या वर्षांपाशी थांबली आहेत. सिनेमे तेच. साड्यांचे रंगही तेच. घर, हप्ते, ट्रेन, आजारपणं, यात नवं काही आवडायला वेळच झाला नाही, हे खरं आहे. त्याचं वाईट वाटतं कधी कधी. आणि मला शंका येते की मुलांच्या आवडींवर आपण चिडतो त्यात थोडं हेही मिसळलेलं असतं. त्यांच्यापाशी तो वेळ आहे.

आपली आवड मुलांना जरूर द्यावी. कपाटावरच्या कॅसेट काढाव्यात, आपण कुणासाठी वेडे होतो ते सांगावं. मात्र ती गळ्यात बांधू नये. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ तुम्ही पाहिला नसेल तर सवडीने बघा. मराठी आहे, मुंबईतलाच आहे. शास्त्रीय गाण्यासाठी आयुष्य वेचणारा एक तरुण, आणि त्याच्यामागे संगीताचं वेड असलेले, पण स्वतःला हवं तिथवर न पोचलेले वडील. मुलाला गाणं आवडतं की वडिलांचं स्वप्न आवडतं, हे त्याचं त्यालाही कळेनासं होतं. बघताना एका आईला आत कुठेतरी टोचतं. व्हेनिसच्या महोत्सवात २०२० मध्ये त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळालं.

हा ताम्हाणेही आपल्या भागातल्या कॉलेजचा, पार्ल्याच्या मिठीबाईचा. विशीच्या आत त्याने भारतीय सिनेमातल्या उचलेगिरीवर माहितीपट केला होता. म्हणजे कॉलेजच्या वयात तो सिनेमे नुसते बघत नव्हता, कुठून काय आलंय ते तपासत होता. त्याचा ‘कोर्ट’ हा सिनेमा आला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. आणि ‘कोर्ट’ लिहायला मिळावा म्हणून अभिनेता-निर्माता विवेक गोंबरने त्याला दरमहा पैसे देऊ केले होते, हेही मुद्दाम सांगते. कारण पैशाची काळजी खोटी नाही. कुणीतरी त्या मुलासाठी वेळ विकत घेतला. आपल्यासारख्या घरांत तो वेळ बहुधा आई-बापच विकत घेतात, ओव्हरटाइम करून, सुट्टीतली सहल रद्द करून. मुलांना हे सांगावं. टोमणा म्हणून नव्हे, घराचा हिशेब म्हणून. सतरा वर्षांच्या मुलांना हिशेब कळतो.

आता कपड्यांकडे येते, कारण खरी वादावादी तिथेच होते.

मुलीच्या कपड्यांवर आपण बोलतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एक आपली नापसंती, दुसरी भीती. रात्री साडेनऊला मालाडहून रिकाम्या डब्यातून येणारी मुलगी डोळ्यांसमोर असते, आणि आपण म्हणतो, “काय हे ध्यान!” ध्यानाचा काही संबंध नसतो. “उशिराच्या ट्रेनने येतेस तेव्हा मला घरात बसवत नाही” असं सरळ सांगितलं, तर ती लोकेशन पाठवते, मैत्रिणीबरोबर निघते, पिशवीत ओढणी ठेवते. ध्यान म्हटलं की ती दार आपटते. भीती भीती म्हणूनच सांगावी, तिला नापसंतीचे कपडे घालू नयेत.

बाकी, जे परत होतं त्यावर मी फारसं अडून बसत नाही. केस वाढतात, रंग उतरतो, नेलपॉलिश पुसता येतं. टॅटूसारख्या न पुसणाऱ्या गोष्टीला मात्र “अठरा पूर्ण होऊ देत, मग पुन्हा बोलू” असं ठाम सांगितलं आहे. ते तिने मानलं, कारण बाकीच्यावर मी ओढून धरलेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तिने मालाड स्टेशनबाहेरून एक जुनाट धाटणीचं डेनिमचं जॅकेट आणलं. पाठीवर काहीतरी लावायचं होतं. सासूबाईंच्या ट्रंकेत गुलेदगुडच्या खणाचे तुकडे होते, त्यांच्या तरुणपणच्या चोळ्यांतून उरलेले, जांभळा आणि मोरपिशी. तिने तो जांभळा तुकडा जॅकेटच्या पाठीवर लावायला घेतला. मला वाटलं, आता घरात रामायण होणार. चोळीचा खण आणि ते जॅकेट!

सासूबाईंनी चष्मा लावला, जॅकेट हातात घेतलं आणि आधी उलटं केलं. उलटी बाजू बघितली. “टीप सुटी पडलीय,” म्हणाल्या. “आणि खणाला आधी कड दुमडून धावदोरा घाल. नाहीतर दोन धुण्यांत सुटेल हे. काठ असा वर येऊ दे, नक्षी पोटात नको जायला.” मग दोघी पलंगावर बसल्या. लेक विचारत होती, खणाला ही बारीक बुट्टी का असते, कुणी विणायचं, सासूबाई सांगत होत्या की बागलकोटकडून व्यापारी यायचे आणि रुखवतात खण ठेवायचे. जॅकेट चांगलं दिसतं की नाही, यावर सासूबाईंनी शेवटपर्यंत मत दिलं नाही. शिलाईवर मात्र दिलं. मला त्यांचं हे फार पटलं. आवड मुलीची, कसब मोठ्यांचं. मुलांच्या कामात आपण लक्ष घालायचं तर असं घालावं, की टाका कसा पक्का होईल.

गाण्यांतल्या शिव्या, सिनेमातली हिंसा, यावर प्रत्येक घराची रेघ वेगळी असणार. सिनेमांसाठी २०२४ पासून यूए प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढचे असे वेगळे गट झाले आहेत, त्याचा धाकट्या मुलांसाठी उपयोग होतो. मोठ्या मुलांना नुसतं “बंद कर” म्हणून काही बंद होत नाही, ते मोबाइलवर सुरूच राहतं. मी एवढंच पाळते की हॉलमध्ये आजी असताना काय लागेल आणि हेडफोनवर काय चालेल, हे ठरलेलं असावं. खर्चाचंही तसंच. रंग, कागद, ब्रश आमच्याकडून. स्नीकर्स, पोस्टर वगैरे तिच्या वाढदिवसाच्या पैशांतून. आणि सहा महिन्यांत एखादी आवड ओसरली, की “तेव्हा तर मोठी हौस होती” हे वाक्य गिळून टाकायचं. ओसरू द्यावी. आवड सोडता येते हे कळलं, तरच मुलं दुसरी धरतात.

एक गोष्ट मात्र आवडीच्या नावाखाली सोडून देऊ नका. काळे कपडे, उदास गाणी यांनी घाबरायचं कारण नाही. पण आधी आवडणारं सगळंच सुटत चाललं असेल, वही उघडत नसेल, मित्रांचे फोन घेत नसेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर ती आवडनिवड नव्हे. तेव्हा समुपदेशकाकडे जायला लाजू नका, आणि “वयच आहे असं” म्हणून महिने घालवू नका.

बाहेर नेता येईल तितकं न्या. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आपल्या बाजूने चर्चगेट, मुलुंड-घाटकोपरकरांना सीएसएमटी, पुढे चालत. फेब्रुवारीच्या सुमाराला काळाघोडाला गर्दी असते, पण मुलांना गर्दीही बघायची असते. जुहूचं पृथ्वी आहे, पार्ल्याचं दीनानाथ आहे, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार. घाटकोपरहून मेट्रो झाल्यापासून पृथ्वीला येणंही सोपं झालं आहे. गॅलरीत गेल्यावर मुलांच्या मागे राहा. “कळलं का?” असं विचारू नका. दहा मिनिटांत बाहेर पडले तरी चालेल. एकाच चित्रासमोर अर्धा तास उभी राहिली, तर तुम्ही बाकावर बसा. आपल्याला कंटाळा आला तर येऊ दे. त्यांच्या क्रिकेटच्या मॅचला उन्हात बसायचोच की.

आमच्याकडे आता गणपतीचं मखर लेकीकडे दिलं आहे. दीड दिवसाचा असतो आमचा. पूर्वी थर्माकोलचं तयार मखर आणायचो, २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून पुठ्ठा आणि कागद. या वर्षी तिला मागचा पडदा काळा हवा होता, त्यावर पांढऱ्या रेषेत जंगल. काळ्याला सासूबाईंनी साफ नाही म्हटलं, देवामागे काळं नको. दोन दिवस अबोला झाला. मग गेरूवर तोडगा निघाला. गेरूच्या रंगावर पांढरी झाडं, आणि झाडांत कुठेतरी एक बिबट्या, तो शोधावा लागेल असा. बिबट्या असावा की नसावा, यावर बाबांचं आणि तिचं अजून एकमत झालेलं नाही.

बजेटचा आकडा मी आधीच सांगून टाकला आहे आणि मूर्ती नेहमीच्याच कारखान्यातून येणार हेही. तुमच्याकडेही मुलांवर हे काम सोपवणार असाल, तर खालच्या वाण्याला आतापासून मोठी खोकी बाजूला ठेवायला सांगा. ऐन वेळी चांगला जाड पुठ्ठा मिळत नाही.